नेम आणि नळी : रायफल दर वेळी उकलू नका, सुभेदारसाहेब

या महिन्यात आलेल्या पत्रांमधलं पहिलं पत्र मी तीनदा वाचलं. त्याचं उत्तर लांबलं आहे. बाकीच्या तिघांनी सांभाळून घ्यावं.

प्रश्न : मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, खडकीला राहतो. माझी मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात नोकरीला आहे. गेली चार वर्षं ती तिथल्या सर्व्हिस रायफल स्पर्धांमध्ये उतरते. तिची रायफल एम-१४ च्या घडणीची, ७.६२ मिमीची, सेमी-ऑटोमॅटिक आहे आणि लाकडी दस्त्याला आतून ग्लास बेडिंग केलेलं आहे. मागच्या वर्षी मी सहा महिने तिच्याकडे होतो. ती रायफल उकलायची नाही, नळीत दांडी फिरवून वरून पुसून ठेवायची. मला ते बघवेना. मी तिला आपली पद्धत शिकवली : गोळीबार झाला की त्याच संध्याकाळी रायफल पूर्ण उकलायची, एकेक भाग पुसून तेलाचा हात द्यायचा, मग जोडायची. तिनं ते मनापासून केलं. आता ६०० यार्डांवर तिचा ग्रूप फुटलाय. दहाच्या वर्तुळात बसणाऱ्या गोळ्या आठ-नऊमध्ये पसरतात. ती मला काही बोलत नाही, पण मला रात्री झोप लागत नाही. माझं काही चुकलं का? आणि अशी रायफल साफ करायची तरी कशी? — निवृत्त सुभेदार, खडकी

उत्तर : राम राम, सुभेदारसाहेब. सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो : हो, बहुतेक तिथंच चुकलं. पण तुम्ही शिकवलं ते खोटं नव्हतं. ते दुसऱ्या रायफलीचं होतं.

मी तेवीस वर्षं फौजेत आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो. आपण दोघंही एसएलआरच्या (सेल्फ-लोडिंग रायफलीच्या) जमान्यातले. आठवा ती रायफल. खटका दाबला की मधोमध मोडायची, बोल्ट मागून हातात यायचा, नळीत पाठीमागून डोकावता यायचं. तिची बॉडी पोलादाची. मागचं लाकूड नुसतं पाठीला जोडलेलं, पुढचं लाकूड हात भाजू नये म्हणून. नळी आणि बॉडी लाकडाच्या कुशीत बसलेलीच नव्हती. त्यामुळे दिवसातून दोनदा उकलली तरी तिच्या नेमावर ओरखडा यायचा नाही. हवालदारमेजर पांढरी चिंदी घालून बघायचा आणि ते योग्यच होतं.

तुमच्या लेकीच्या रायफलीचा वंश वेगळा आहे. जॉन गॅरंड यांची एम-१ रायफल अमेरिकी सैन्यानं १९३६ साली घेतली, तिच्यातूनच पुढे १९५७ साली एम-१४ आली. दोन्हींत पोलादी बॉडी म्हणजे रिसिव्हर हा लाकडी दस्त्यात वरून बसतो आणि खालून ट्रिगरचा गार्ड त्याला लाकडासकट कवळून धरतो. बार उडाला की सगळा धक्का रिसिव्हरमधून त्या लाकडात जातो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, दाबाखाली चेपतं. रिसिव्हर केसभर जरी वेगळा बसला तरी नळीची थरथर बदलते आणि गोळी दुसरीकडे जाते. यावर उपाय म्हणून दस्त्यात रिसिव्हरच्या जागी काचतंतू घातलेलं इपॉक्सी भरतात. रिसिव्हरला मेण किंवा न चिकटणारं द्रव्य लावून तो त्यात दाबून बसवतात आणि इपॉक्सी घट्ट झालं की काढतात. साच्यात गणपतीची मूर्ती उतरावी तसा रिसिव्हरचा हुबेहूब ठसा तिथं उमटतो. याचंच नाव ग्लास बेडिंग.

आता विचार करा. तो ठसा नेमका आहे म्हणूनच त्याची किंमत. रिसिव्हर त्यातून उपसला की कडा थोड्या घासतात, पुन्हा दाबून बसवला की पुन्हा घासतात. एकदा केल्यानं काही होत नाही. दर शनिवारी, वर्षभर केलं तर पन्नास वेळा होतं. ६०० यार्डांवर दहाचं वर्तुळ १२ इंचांचं असतं. बेडिंग सैल होऊन एका मिनिटाचा (अंशाच्या साठाव्या भागाचा) कोन जरी बिघडला तरी तिथं सव्वासहा इंच सरकतात. म्हणजे निम्मं वर्तुळ गेलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. फौजेतून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी एका नेमबाजाच्या .२२ रायफलीला मी स्वतः बेडिंग केलं. फार सुंदर उतरलं होतं. पण पावसाळ्यात आत गंज धरेल या धास्तीनं मी दर आठवड्याला ती दस्त्यातून काढून बघायचो, तेल लावायचो, परत बसवायचो. दिवाळीपर्यंत तिचा ग्रूप दुप्पट झाला. भिंगाखाली पाहिलं तर कडा गुळगुळीत झालेल्या, मागच्या कोपऱ्याचा टवका उडालेला, आणि माझंच तेल झिरपून इपॉक्सीच्या मागचं अक्रोडाचं लाकूड मऊ पडलेलं. नखानं दाबलं तर खड्डा पडला. गंजाचा एक ठिपकाही नव्हता. त्या मुलाचा अख्खा हंगाम माझ्या काळजीनं खाल्ला. तेव्हापासून मी बेडिंग केलेली रायफल वर्षातून एकदा उघडतो, हंगाम संपल्यावर. अपवाद एकच : मुसळधार पावसात भिजली तर. लाकूड आणि पोलादाच्या मध्ये पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी उघडून कोरडी करायलाच हवी.

पुढे २०१४ साली थोरल्या मुलीकडे ओहायोतच पाच महिने राहिलो, तेव्हा जावयाच्या क्लबातल्या एम-१४ च्या घडणीच्या चार-पाच रायफली हाताळायला मिळाल्या. आपल्याकडे ७.६२ हा निषिद्ध बोअर, त्यामुळे नागरिकाच्या हातात अशी रायफल मी पहिल्यांदाच पाहिली. त्याच राज्यात एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे, तिथं १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात. तिथले जुने नेमबाज रायफल न उकलता कशी साफ करतात ते मी शेजारी बसून पाहिलं. नंतर स्वतः केलं. ते असं.

सुरुवात तुमच्याच शिस्तीनं. मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून अडकवायचा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यानं बघायचं आणि करंगळीनं चाचपायचं. काडतुसं त्या टेबलावरच काय, त्या खोलीतही नकोत. ही सवय तुम्ही तिला लावली असेल तर ती तिला जन्मभर पुरेल.

मग रायफल उलटी करायची, माशी (पुढची साइट) आणि मागची साइट खाली, ट्रिगर वर. दोन लाकडी घोड्यांच्या खाचांना जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवले की काम होतं. नळीचं तोंड मागच्या बाजूपेक्षा दोन बोटं खाली ठेवायचं. हे सगळं कशासाठी? या रायफलीचा रिसिव्हर मागून बंद असतो, दांडी पाठीमागून घालताच येत नाही, तोंडाकडूनच घालावी लागते. सरळ ठेवून साफ केली तर सॉल्व्हंट, म्हणजे मळ सोडवणारं द्रव, मागे वाहत जाऊन थेट बेडिंगमध्ये उतरतो. शिवाय नळीला खालच्या अंगाला गॅससाठी बारीक भोक असतं : बाराचा थोडा वायू तिथून सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन मागे ढकलतो आणि रायफल आपोआप पुन्हा भरते. रायफल सरळ असेल तर घाण त्या भोकातून गॅस सिलिंडरमध्ये टपकते. उलटी केली की भोक वर येतं आणि ओघळ तोंडाकडून बाहेर पडतो. रिसिव्हरच्या पोकळीत एक जाड फडकं कोंबून ठेवायचं, म्हणजे चेंबरपलीकडे आलेले चारदोन थेंब तेच पिऊन टाकतं.

दांडी एकसंध हवी, जोडाची नको. नळीच्या तोंडावर पितळी गाइड बसवायचं, म्हणजे दांडी मधोमध चालते. मी माझं गाइड भवानी पेठेतल्या एका लेथवाल्याकडून वळवून घेतलं होतं, अजून तेच वापरतो. नळीचं तोंड हा शेवटचा उंबरा, गोळी तिथून सुटते. त्याची कड एका बाजूला जरी झिजली तरी बाकी सगळं व्यर्थ. म्हणून आपला फौजी पुलथ्रू इथं नको. दोरी तिरकी ओढली गेली की तोंडावर करवतीसारखी चालते. जुन्या थ्री-नॉट-थ्रींची तोंडं अशी दोरीनं कापली गेलेली तुम्हीही पाहिली असतील.

आधी सॉल्व्हंटची ओली चिंदी, मग ब्राँझचा ब्रश, पुन्हा ओली चिंदी. ब्रश पूर्ण पलीकडे गेल्याशिवाय उलटा फिरवायचा नाही. दर फेरीनंतर दांडी पुसायची, कारण तिला चिकटलेली कणी म्हणजे नळीला पॉलिशकागद. गोळीवरचं तांबं नळीत चिकटतं, ते काढायचा सॉल्व्हंट अमोनियाचा असतो. चिंदी मोरचुदासारखी निळी-हिरवी आली की तांबं सुटतंय असं समजावं. पण हा सॉल्व्हंट बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त नळीत ठेवायचा नाही, रात्रभर तर कधीच नाही, आणि लाकडावर किंवा बेडिंगवर थेंब पडला तर लगेच टिपायचा. शेवटी कोरड्या चिंद्या, पांढऱ्या येईपर्यंत. ठेवून द्यायची असेल तर तेलाची एक हलकी चिंदी, आणि स्पर्धेच्या सकाळी ती पुसून काढायची. धुतलेल्या नळीतल्या पहिल्या एकदोन गोळ्या भलतीकडे जातात, म्हणून गुण मोजायच्या आधी त्या सरावात उडवून टाकायच्या.

चेंबरसाठी तिथं वेगळा ब्रश मिळतो. त्याचा दांडा आखूड, वाकवलेला, पान्यासारखा खटखट फिरणारा असतो. बोल्ट मागे असताना वरून घालून फिरवायचा, मग फडक्यानं चेंबर ठणठणीत कोरडं करायचं. तिथं तेल राहिलं तर काडतुसाचं पितळी कवच चेंबरच्या भिंतीला पकड घेत नाही आणि सगळा रेटा बोल्टवर येतो.

गॅसच्या भागांबद्दल एकच सांगणं : तेल नाही. पिस्टन आणि सिलिंडर दोन्ही कोरडे. तिथं तेल लावलं की गरम वायूनं ते जळून तव्याच्या बुडासारखा थर धरतो आणि पिस्टन अडखळतो. तुम्ही "प्रत्येक भागाला तेलाचा हात" म्हणून शिकवलंत त्यात हाही भाग आला असणार, ते आधी थांबवायला सांगा. तपासायची रीत सोपी आहे. बोल्ट मागे अडकवलेला असताना रायफलीचं तोंड वर-खाली करायचं. आत पिस्टन टक-टक असा मोकळा सरकताना ऐकू आला पाहिजे. आवाज येईनासा झाला तरच पुढचा प्लग पान्यानं उघडून पिस्टन बाहेर घ्यायचा, सॉल्व्हंटनं पुसून कोरडा करून परत टाकायचा. प्लग फिरवताना सिलिंडर दुसऱ्या पान्यानं घट्ट धरायचा, तो पिळला जाता कामा नये. आणि पॉलिशकागद लावायचा मोह टाळायचा. पिस्टनचं माप कमी झालं की रायफल मलूल चालते.

आता वंगण. या घराण्याच्या रायफलींना ग्रीस लागतं, नुसतं तेल पुरत नाही. जे भाग दाबाखाली एकमेकांवर घसरतात, तिथून तेल पावसानं धुतलं जातं आणि उष्णतेनं उडून जातं. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना म्हणून एम-१ बरोबर ग्रीसची लहानशी डबी मिळायची, ती दस्त्याच्या पोकळीत बसायची. जागा मोजक्या आहेत : बोल्टचे दोन्ही कान आणि ते जिथं अडकतात त्या खाचा, बोल्टच्या उजव्या अंगाचा रोलर, ऑपरेटिंग रॉडचा (पिस्टनच्या धक्क्यानं बोल्ट मागे नेणाऱ्या दांड्याचा) तो रोलर सामावून घेणारा कुबडासारखा भाग, रॉड ज्या खोबणीत धावतो ती खोबणी, आणि बोल्टची खालची बाजू जिथं हॅमर घासतो. बोल्ट मागे-पुढे करून वरूनच, बारीक ब्रशनं, हे सगळं गाठता येतं. आधी जुनं काळं ग्रीस कापसाच्या काडीनं काढायचं, कारण त्यात धातूची कणी असते. मग नवं लावायचं, एका जागी मुगाच्या डाळीएवढं, आणि बोल्ट चारदोनदा चालवून पसरू द्यायचं. जास्त लावलं तर पहिल्याच फैरीला ते उडून नेमबाजाच्या चष्म्यावर येतं. जावयाच्या चष्म्यावर आलेलं मी पाहिलं आहे.

काम झाल्यावर रायफल तासभर तोंड खाली करून भिंतीला टेकवायची, तोंडाखाली घडी घातलेलं फडकं ठेवून. आपल्या कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, रायफल बटावर उभी असायची, त्यामुळे तेल हळूहळू मागे उतरून दस्त्याची मान काळी पडायची. आठवतं ना? ते काळं लाकूड म्हणजे तेल पिऊन कुजलेलं लाकूड.

राहिला तुमच्या लेकीचा फुटलेला ग्रूप. लगेच बेडिंगला दोष देऊ नका, आधी स्वस्तातल्या गोष्टी बघा. मागची साइट डुगडुगते का, पुढचा बँड आणि गॅस सिलिंडर हलतो का, नळीच्या तोंडाच्या कडेला चरा दिसतो का, काडतुसं त्याच लॉटची आहेत का. ते सगळं ठीक असेल तर ट्रिगर गार्ड बंद करून बघायला सांगा. शेवटच्या टप्प्यात अंगठ्याचा चांगला जोर लागला पाहिजे. लोण्यात सुरी जावी तसा मिटत असेल तर बेडिंग सैल झालंय. मग तिथल्या जाणत्या गनस्मिथला दाखवावं. बहुधा अख्खं उकरावं लागत नाही, वरची कातडी खरवडून नवा पातळ थर देता येतो. त्याच्याकडून उघडताना नीट बघून घ्यायला सांगा : दस्ता मागच्या बाजूनं सरळ वर उचलून मग पुढचं टोक सोडवतात, डावं-उजवं हलवत नाहीत. खिळखिळं दार काढताना हलवतो तसं हलवलं की टवका उडतो.

आणि साहेब, तिच्याशी बोला. ती काही बोलत नाही याचा अर्थ ती तुम्हाला दुखवायला तयार नाही एवढाच. फोन करा आणि "मी खडकीच्या आर्मररला विचारलं, दस्त्यातून काढायची नाही" एवढं सांगा.

प्रश्न : मी बालेवाडीला .२२ रायफलचा सराव करतो, दुसऱ्या वर्षाला आहे. रायफल क्लबची. मित्र म्हणतो बोल्टला खोबरेल तेल लाव, शुद्ध असतं. आमच्या सरांनी शिलाई मशीनचं तेल सांगितलं. नळी रोज साफ करू का? — विद्यार्थी, बाणेर

उत्तर : सरांचं ऐक बाळा. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं. डिसेंबरात पहाटे बालेवाडीच्या रेंजवर दहा-बारा अंश असतात, न्हाणीघरातली बाटली कशी पांढरी होते ते तुला माहीत आहे. तेच बोल्टमध्ये झालं की फायरिंग पिन सुस्तावते, एखादा बार मिसफायर होतो, आणि तू बिचारा स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतोस. शिवाय वनस्पती तेल हवेनं चिकट होतं, मग त्यावर धूळ बसते. शिलाई मशीनचं तेल हलकं खनिज तेल आहे, बोल्टला त्याचे दोन थेंब पुरतात. बोल्ट बंद होताना ज्या उतारावर घासतो तिथं किंचित पांढरं ग्रीस लाव. बोहरी आळीत लहान ट्यूब मिळते, ती तुला दोन वर्षं जाईल. निळ्या-पिवळ्या डब्याचा डब्ल्यूडी-४० फवारा पाणी हटवायला बनवलेला आहे, भिजलेल्या रायफलीला जरूर मार, पण वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नकोस.

नळीबद्दल घाई नको. .२२ ची गोळी शिशाची, तिला मेणासारखं वंगण लावलेलं असतं. तिनं नळीत एक पातळ थर धरला की रायफल सुखानं चालते. तो तू रोज पुसलास तर रोज पहिल्या दहा-पंधरा गोळ्या तो थर परत बसवण्यात जातात. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं आहे, तिथं हे परवडत नाही. ओल्या चिंदीच्या एकदोन फेऱ्या आणि मग कोरड्या, तेही सरांनी सांगितल्याच्या दिवशी. रोज मात्र बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारा, आकडा पूस, तिथं काजळी आणि शिसं साचतं. चेंबरच्या पुढे शिशाचं कडं धरतं, ते काढायला सरांकडे ब्रश असेल. तुझी रायफल बोल्ट-ॲक्शन असल्यानं दांडी मागून जाते, ते तुझं भाग्य. तरी गाइड लाव, म्हणजे सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये आणि बेडिंगमध्ये उतरणार नाही.

दस्त्याच्या स्क्रूंना हात लावू नकोस. ते ठरावीक टॉर्कला (पिळाच्या जोराला) कसलेले असतात, "जरा सैल वाटला म्हणून पिळला" असं करणाऱ्यांनी क्लबच्या किती रायफली बिघडवल्या ते मी पाहिलं आहे. स्वप्नील कुसाळे याच बालेवाडीत घडले आणि २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन आले. त्या पातळीवर दशांशानं पदक हुकतं. क्लबची रायफल असली तरी ती आपली समजून वाग, तुझ्यानंतर दुसरं कुणी तिच्यावर शिकणार आहे.

प्रश्न : वडिलांची .३१५ ची रायफल लायसन्ससकट माझ्या नावावर झाली. चामड्याच्या जुन्या पिशवीत कपाटात ठेवली होती. या पावसाळ्यानंतर काढली तर नळीवर तांबूस ठिपके. काय करू? — वाचक, वानवडी

उत्तर : ती पिशवी आजपासून फक्त वाहतुकीला. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलादाला गंज आणतात. ठिपके वरवरचे असतील तर तेलात भिजवलेल्या चिंदीनं, दमानं, दोनतीन दिवस घासा. तारेची घासणी आणि चिंच दोन्ही नकोत, वरचा काळा रंग जाईल. आत, नळीमध्ये, ठिपके असतील तर गोळीबार न करता परवानाधारक गनस्मिथकडे न्या, लायसन्स सोबत ठेवून.

रायफल कुलपाच्या कपाटात उघडीच उभी करा, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे करता येतात, पण तो तवा मग पोळ्यांना वापरू नका. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला, आणि हात लागला की त्याच वेळी, तेलाचं फडकं फिरवा. आपल्या बोटांचा घाम हा पावसापेक्षा वाईट. लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहातानं चोळा, फक्त बाहेरून.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा मुलगा एअर रायफल शिकतो. घरी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून ती साफ करतो. शिशाची भीती बाळगायची का? — आई, सिंहगड रस्ता

उत्तर : हो ताई, बाळगायची. १० मीटरची छर्र्याची गोळी शिशाची असते, आणि तिची भुकटी बोटांना व पेपरला लागते. टेबल बदला. गॅलरीत एक जुनी फळी ठेवा, ती त्याच कामाची. पातळ हातमोजे द्या. काम झालं की हातमोजे, पेपर आणि फेल्टचे बोळे एका पिशवीत बांधून टाकायचे, मग साबणानं गार पाणी घेऊन हात आणि तोंड धुवायचं, त्याआधी तोंडात काही घालायचं नाही. रेंजवरून आल्यावरही असंच, आणि तो शर्ट धुवायला वेगळा टाका. घरात लहान भावंड असेल तर हे आणखी कडकपणे पाळा, लहानग्यांच्या वाढत्या मेंदूला शिसं फार लवकर बाधतं.

एअर रायफलीच्या नळीत तेल नको, सॉल्व्हंटही नको. फेल्टचे कोरडे बोळे पुरतात. त्याच्या सरांनी दिलेले आहेतच, ते संपत आले की त्याला म्हणावं सरांकडूनच मागून घे, घरच्या कापसावर भागवू नकोस, त्याचे तंतू नळीत अडकतात.